मामा, लायका घेऊ काय?

माझा भाचा लग्नाचे आणि कुस्ती मैदानांचे फोटो काढतो. मध्यंतरी कुठल्याशा रीलमध्ये त्याने ऐकलं की खरा फोटोग्राफर रेंजफाइंडरच वापरतो. लगेच हिशेब मांडून झाला: दोन बॉडी आणि तीन लेन्सा विकायच्या, वर कर्ज काढायचं आणि जुना डिजिटल लायका, म्हणजे त्या नावाच्या जर्मन कंपनीचा रेंजफाइंडर, घ्यायचा. "मामा, घेऊ काय?" म्हणून माझ्याकडे आला, कारण मी भौतिकशास्त्र शिकवायचो आणि एका मित्राचा लायका एम९ तेव्हा माझ्या कपाटात पडून होता. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. कागद घेतला आणि त्याला एक त्रिकोण काढून दाखवला.

हात लांब करून अंगठा धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. अंगठा जवळ असेल तर उडी मोठी, लांब असेल तर लहान. रेंजफाइंडर कॅमेरा हेच करतो. त्याच्या अंगावर एकमेकींपासून सुमारे ७ सेंमीवर दोन खिडक्या असतात. एकीतून आपण थेट बघतो. दुसरीतून आलेला उजेड वळवून, अर्धपारदर्शक आरशावरून पहिल्या चित्राच्या मधोमध छोट्या चौकोनात टाकलेला असतो. त्या चौकोनात प्रत्येक गोष्ट दोन-दोन दिसते. लेन्सची कडी फिरवली की लेन्सच्या मागच्या कॅमवर, म्हणजे उतरत्या कडेवर, टेकलेली बारीक चकती सरकते, तिच्यामागची दांडी हलते आणि दुसरं चित्र आडवं सरकू लागतं. दोन्ही चित्रं एकावर एक बसली की फोकस झाला. बॅटरी नाही, मोटर नाही, नुसती भूमिती.

खिडक्या शेजारी-शेजारी असल्यामुळे चित्र सरकतं तेही आडवंच. म्हणून अंबाबाईच्या देवळातल्या दीपमाळेवर क्षणात फोकस होतो आणि रंकाळ्याच्या पाण्याच्या रेषेवर जन्मात होत नाही. आडवी रेषा आडवी सरकली तर कळणार कशी? अशा वेळी कॅमेराच उभा धरायचा.

आता जुळलं की नाही हे ठरवणार आपला डोळा, आणि डोळ्यालाही मर्यादा आहे. ढोबळमानाने एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा फरक त्याला कळतो. (उभ्या रेषा जुळवताना तो याहून बारीक काम करतो, पण मांडवातल्या अंधारात घामेजल्या डोळ्याला कलाच धरलेली बरी.) व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे बघायच्या खिडकीत, चित्र थोडं लहान दिसतं, त्यामुळे दोन खिडक्यांमधला ७ सेंमीचा पाया प्रत्यक्षात ५ सेंमीच्या आसपासच उपयोगी पडतो. गणित केलं तर या पायावर १ मीटर अंतराला चूक सुमारे ६ मिमी येते, ३ मीटरला ५ सेंमी आणि १० मीटरला ५८ सेंमी. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. 'यामातो' या जपानी युद्धनौकेवरचा रेंजफाइंडर १५ मीटर लांब होता तो यासाठीच. कित्येक किलोमीटरवरच्या जहाजाचं अंतर काढायचं तर पाया तेवढाच रुंद हवा.

यातली माझी आवडती गोष्ट अशी की या चुकीला लेन्सशी काही देणंघेणं नाही. एसएलआरमध्ये, म्हणजे आतल्या आरशामुळे थेट लेन्समधूनच बघता येतं अशा कॅमेऱ्यात, लांब लेन्स लावली की डोळ्यापुढचं चित्रच मोठं होतं, आपोआप बारकावा मिळतो. रेंजफाइंडरमध्ये रुंद दृश्याची २८ मिमी लेन्स लावा नाहीतर लांबची १३५ मिमी, त्रिकोण तोच. फिल्मच्या जुन्या मोजमापाने ५० मिमी लेन्स एफ/१.४ वर, म्हणजे छिद्र बरंच उघडं ठेवून, ३ मीटरला पुढे-मागे १५-१५ सेंमी चालवून घेते. आपली चूक ५ सेंमी, म्हणजे भरपूर सवड. तेच २०० मिमी, एफ/२.८ घेऊन खासबाग मैदानात १० मीटरवरून कुस्ती टिपायची म्हटलं तर सवड २० सेंमी आणि चूक ५८. पैलवानाऐवजी पंच शार्प येणार. या कॅमेऱ्यांच्या फ्रेमरेषा (फोटोत किती भाग येणार ते खिडकीत दाखवणाऱ्या रेषा) १३५ मिमीला संपतात त्या उगाच नव्हे.

मग डिजिटल आलं. एप्सनने २००४ साली आर-डी१ काढला, लायकाने २००६ साली एम८ आणि २००९ साली पूर्ण ३५ मिमी आकाराच्या सेन्सरचा एम९. २०२२ च्या एम११ मध्ये ६० मेगापिक्सेल आहेत. वर जी १५ सेंमीची सवड सांगितली, ती ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका टोकदार मानून काढलेली आहे. एम११ च्या सेन्सरवर तेवढ्या जागेत आठ पिक्सेल बसतात. दोन पिक्सेलची शिस्त लावली तर सवड येते ४ सेंमीच्या खाली. चूक मात्र अजून ५ सेंमीच, कारण त्रिकोण १९५४ च्या एम३ नंतर मोठा झाला नाही आणि डोळाही तोच आहे. फिल्मवर जे झाकून जात होतं ते आता स्क्रीनवर मोठं करून दिसतं.

दुसरी अडचण मागच्या बाजूची. आत उडणारा आरसा नसल्यामुळे या लेन्सा सेन्सरच्या अगदी जवळ बसू शकतात आणि कोपऱ्यात उजेड तिरका पडतो. फिल्मला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं, पण पिक्सेल म्हणजे लहानशा विहिरी. तिरका उजेड तळापर्यंत पोचत नाही. उपाय म्हणून एम८ मध्ये कडेच्या पिक्सेलवरची सूक्ष्म भिंगं मध्याकडे सरकवली आणि सेन्सरवरची काच पातळ ठेवली. पातळ काचेतून अवरक्त किरण शिरले आणि काळे सिंथेटिक कपडे जांभळट दिसू लागले. लायकाला ग्राहकांना फुकट फिल्टर वाटावे लागले. काळ्या कोटातला नवरदेव फोटोत जांभळा झाला तर वधूपिता खपवून घेईल काय?

एम९ च्या सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरच्या रंगांत 'जादू' आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात. रंग ठरतात फिल्टरवर आणि नंतरच्या प्रक्रियेवर. सीसीडी असो की नव्या जातीचा सीमॉस, सिलिकॉन फक्त फोटॉन मोजतं.

भाच्याला म्हटलं, मैदान आणि लग्नासाठी हा घेऊ नकोस. ऑटोफोकस नाही, व्हिडिओ नाही, कार्डाचा खाचाही एकच. पण तालमीत? हौदाच्या कडेला दीड-दोन मीटरवर, ३५ मिमी लेन्स, खिडकीतून येणारा उजेड. तिथे त्रिकोण आपल्या बाजूने असतो. शिवाय फ्रेमरेषांच्या बाहेरचंही दिसतं. पैलवान चौकटीत शिरायच्या आधीच त्याचा हात कळतो. शुक्रवारच्या पालखीच्या गर्दीतही तेच. अशा कामाला हा कॅमेरा गंभीर व्यावसायिकाला पुरून उरतो, दुसरा कॅमेरा म्हणून.

तो एम९ घेऊन तालमीत गेला. पहिले बारा फोटो काळेकुट्ट: लेन्सचं झाकण काढायचं राहिलं होतं आणि खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. पुढच्या फोटोंत पैलवान धूसर आणि मागची माती टोकदार. कॅमेऱ्याचा मालक असलेला माझा मित्र म्हणाला, "खंडेनवमीला पूजा चुकली, नजर लागली." आम्ही गच्चीवर जाऊन लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेवर, लावली आणि दोन-तीन किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर पाहिला. चौकोनात टॉवर दोन. कधीतरी पडून दांडी हलली होती, एवढंच. ३ मीटरवर ५ सेंमीचा फरक म्हणजे ५० मिमी लेन्सची हालचाल फक्त ०.०१४ मिमी.

भाच्याचा उद्यमनगरातला एक मित्र लेथवर काम करतो. त्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "आण की हिकडं, पाच मिनिटांत बसवून देतो." कॅमेरा परत कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे.