लाइट आली, प्रिंटर का येत नाही?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेला की लाइटचा भरवसा नसतो. कॉलेजच्या लॅबमध्ये ‘लाइट उनी!’ अशी आरोळी होते, सगळे कॉम्प्युटर एकदम सुरू होतात; प्रिंटर मात्र दिवा लागूनही नेटवर्कवर दिसत नाही. तो बिघडलेला नसतो. स्विच, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नेटवर्कच्या तारा जिथे जोडतात तो डबा, त्याच्या उत्तरासाठी थांबलेला असतो.

नेटवर्कमध्ये येणाऱ्या यंत्राची ओळख तपासायचं ८०२.१एक्स हे मानक २००१ सालचं. त्यानुसार ओळख पटेपर्यंत स्विचचं पोर्ट, म्हणजे तार लावायची खाच, बंदच राहतं. स्विच विचारतो, ‘कोण?’ कॉम्प्युटरचं उत्तर तो ओळख पडताळणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथून होकार आला की पोर्ट उघडतं.

साध्या प्रिंटरला ही प्रश्नोत्तरं कळतच नाहीत. सिस्को कंपनीच्या अनेक स्विचवर मूळ सेटिंग असं असतं: विचारायचं, ३० सेकंद थांबायचं, असं तीनदा. म्हणजे ९० सेकंद फुकट गेल्यावर मग मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) पाहून आत घ्यायचा मार्ग, तोही आधी लावून ठेवला असेल तर. तेवढ्यात पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडे आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पत्ता) मागून थकलेलं यंत्र स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. त्या पत्त्यावर त्याला कुणी शोधत नाही.

हा ३० सेकंदांचा टायमर १० सेकंदांवर आणला तर दीड मिनिटाचं काम अर्ध्या मिनिटात होतं. प्रिंटरच्या पोर्टवर मॅक पत्ता आधी तपासायला सांगितलं तर थांबावंच लागत नाही, आणि मला हेच जास्त पटतं. मॅक पत्त्याची नक्कल करता येते, म्हणून अशा पोर्टला फक्त छपाईपुरतीच वाट द्यावी. सरसकट सगळीकडे टायमर एक-दोन सेकंदांवर आणणं मात्र चूक. जुना कॉम्प्युटर सावकाश सुरू होतो. तो बोलायच्या आतच स्विच त्याला मुका ठरवतो.

ओळख नाकारली गेली तर आणखी एक टायमर लागतो, साधारण ६० सेकंदांचा. तेवढा वेळ स्विच त्या यंत्राकडे लक्षच देत नाही. पासवर्ड एकामागून एक लावून बघणाऱ्याला यामुळे आळा बसतो, म्हणून तो फार कमी करू नये.

पुन्हा ओळख तपासण्याची मुदत बहुधा ३६०० सेकंद असते. लाइट येताच सगळी यंत्रं एकाच मिनिटाला आत आली, तर तासाभराने सगळ्यांची पाळी पुन्हा एकदमच येते. एका लॅबला त्याने फरक पडत नाही. शेकडो पोर्ट असतील तिथे मात्र रेडियस सर्व्हरवरूनच यंत्रागणिक वेगळी मुदत पाठवावी. तशी सोय त्यात आहे.