ध्वनियंत्र-मांडणी, घरगुती

ध्वनियंत्र-मांडणी : टर्नटेबल (तबकडी फिरवून वाजवणारे यंत्र), अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर इ. यंत्रे एकावर एक पण सुट्या फळ्यांवर ठेवण्यासाठी घरी जोडलेली चौकट. स्वयंपाकघरातील मांडणीशी तिचे नाते उघड आहे. फरक एवढाच की येथे वजनाइतकाच कंपनांचाही विचार करावा लागतो.

उगम : या मांडणीची वंशावळ बहुधा 19 इंची (482.6 मिमी.) रुंदीच्या चौकटीपासून सांगतात. तिला ‘रिले रॅक’ म्हणत असल्याने ती रेल्वेच्या सिग्नल-रिलेंसाठी (सिग्नल चालवणाऱ्या विद्युत्-कळांसाठी) निघाली, असा समज रूढ आहे. मात्र रेल्वेने नेमकी हीच रुंदी वापरल्याचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने 1922 च्या सुमारास दूरध्वनी केंद्रांतील जागा वाचवण्यासाठी ती ठरवली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याआधी, 1914 पासून, तेथील रिपीटर (दूरध्वनीचा क्षीण संदेश वाढवणारी) यंत्रे फळ्यांवर आणि लाकडी पेट्यांत जमेल तशी बसवत असत. म्हणजे घरगुती मांडणी ही या चौकटीची वंशज नसून तिच्या आधीच्या अवस्थेची पुनरावृत्ती आहे, असेही म्हणता येईल. त्या चौकटीत यंत्राची उंची 44.45 मिमी.च्या पटीत असते व ते पुढच्या पट्टीला स्क्रूने आवळतात. घरगुती यंत्रे साधारण 430 ते 440 मिमी. रुंद व पायांवर उभी राहणारी असल्याने त्यांना फळीच लागते.

दुसरा धागा स्लॉटेड अँगलचा. भोके पाडलेला हा लोखंडी अँगल लंडनमध्ये डिमिट्रियस कोमिनो यांनी 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात डेक्सिऑन या नावाने बाजारात आणला. तिसरा प्रकार आट्यांच्या सळयांचा : चार सळया, त्यांत ओवलेल्या फळ्या आणि प्रत्येक फळीखाली-वर नट व वायसर. टीएनटी-ऑडिओ (स्थापना 1995) या इटालियन नियतकालिकामुळे हा प्रकार ‘फ्लेक्सी’ नावाने हौशी मंडळींत पसरला. तो विसाव्या शतकाच्या अखेरीचा मानण्यास हरकत नाही. अर्थात सळई-नटाची जोडणी कारखान्यांत त्याहून जुनी.

कंपन-विचार : एआर एक्सए (1961), थोरेन्स टीडी 150 (1965) यांसारख्या स्प्रिंगवर तरंगणाऱ्या टर्नटेबलांना हलका पण ताठ आधार मानवतो, तर स्प्रिंग नसलेल्यांना जड फळी, असा सर्वसाधारण अनुभव आहे. खाली रबर किंवा स्प्रिंग घालावी का, याचे उत्तर हिशेबाने मिळते. वजनाने स्प्रिंग जितके मिलिमीटर दबते, त्या संख्येच्या वर्गमुळाने 15.8 ला भागले की स्वाभाविक कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने (हर्ट्झमध्ये), येते. स्प्रिंग 1 मिमी. दबत असेल तर ती सुमारे 16, 10 मिमी. असेल तर 5. कंपने अडण्यास सुरुवात होते ती या आकड्याच्या सुमारे 1.4 पटीच्या वर. खुद्द त्या आकड्याजवळ ती उलट वाढतात. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) व कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुईच्या हालचालीतून विद्युत्-संदेश काढणारा भाग) यांची स्वतःची कंप्रता साधारण 8 ते 12 हर्ट्झ ठेवतात. म्हणून अडीच मिलिमीटर दबणारी, 10 हर्ट्झवर डोलणारी गादी नेमक्या नको त्या ठिकाणी भर घालते. रबर प्रत्यक्ष कंपनात स्थिर वजनाखालच्यापेक्षा ताठ वागते, तेव्हा त्याच्या बाबतीत हा आकडा किमान समजावा.

टोकदार लोखंडी खुंट्यांमुळे कंपने एकाच दिशेने वाहून जातात, हे मत भौतिकशास्त्रात बसत नाही. खुंटीचा खरा उपयोग डगमग थांबवणे हा असून फरशीवर चरे पडू नयेत म्हणून तिच्याखाली नाणे ठेवतात.

जोडणी : सळया सरळ राहाव्यात यासाठी सर्व फळ्या एकत्र आवळून भोके एकदमच पाडतात. फळी पाणसळीने समपातळीत आणतात. सळयांची चौकट आडव्या दिशेने लवचिक असते. उंची वाढली की ती झुलू लागते, अँगलची मात्र कोपरपट्ट्यांमुळे ताठ राहते. टर्नटेबल सर्वांत वर व अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर असावे; नाहीतर कार्ट्रिज गुणगुण उचलते. तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, अ‍ॅम्प्लिफायरवर भरपूर मोकळी जागा लागते.

महाराष्ट्रात : जुन्या वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर चालताना सुई उडते; तेथे दगडी भिंतीत पक्की केलेली फळी बरी. काँक्रीटच्या स्लॅबवर हा प्रश्न सहसा उरत नाही. कोकणच्या दमट हवेत एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) उघड्या कडा फुगतात, म्हणून 18-19 मिमी.चा जलरोधक प्लाय वापरणे श्रेयस्कर.