आयपी पत्त्यामागचा माणूस: फाइल शेअरिंगमधील अनामिकतेची पार्श्वभूमी

फाइल पाठवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याच्या तंत्राची सैद्धांतिक पायाभरणी १९८१ मधील एका शोधनिबंधात झाली. संदेश थेट न पाठवता मधल्या अनेक संगणकांमधून, प्रत्येक टप्प्यावर एन्क्रिप्शनचा एक थर उतरवत आणि क्रम बदलत पुढे न्यावा, म्हणजे कोणत्याही एका मध्यस्थाला दोन्ही टोके कळणार नाहीत, अशी ती कल्पना होती. व्यवहारात मात्र पुष्कळ काळ सोपा मार्ग वापरला गेला. फिनलंडमधील एक निनावी ईमेल सेवा खरे पत्ते आणि टोपणपत्ते यांची यादी स्वतःजवळच ठेवत असे. १९९५ मध्ये पोलिसी कारवाईनंतर तिला एका वापरकर्त्याची ओळख उघड करावी लागली आणि १९९६ मध्ये ती बंद झाली.

१९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टर या गाणी वाटून घेण्याच्या सेवेमध्येही कोणाकडे कोणते गाणे आहे याची सूची मध्यवर्ती सर्व्हरवर होती, त्यामुळे २००१ मध्ये न्यायालयीन आदेशानंतर ती सेवा थांबवणे शक्य झाले. वापरकर्त्यांचे संगणक थेट एकमेकांशी जोडणाऱ्या नूटेला आणि बिटटोरेंट (टोरेंट) या पद्धतींनी सूचीचे हे केंद्र काढून टाकले. केंद्र नाही म्हणजे आपण कोणाला दिसत नाही, असा समज तेव्हा पसरला, आणि तो आजही पूर्णपणे गेलेला नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. फाइलचा तुकडा मागण्यासाठी समोरच्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक, ठाऊक असावाच लागतो, म्हणून पाळत ठेवू इच्छिणाऱ्याला केवळ ती फाइल वाटून घेणाऱ्यांच्या गटात सामील होऊन यादी टिपून घेणे पुरेसे होते. २००० मधील फ्रीनेट या जाळ्याने फाइलचे एन्क्रिप्टेड तुकडे सहभागींच्या संगणकांवर विखुरले आणि मागणी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे फिरवली. परंतु वेगाची किंमत मोजावी लागत असल्याने त्याचा वापर मर्यादित राहिला.

आयपी पत्ता मिळाला तरी माणूस मिळत नाही, आणि खरा संघर्ष या अंतरावरूनच पेटला. अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीनुसार हक्कधारकाला न्यायाधीशांसमोर न जाता, केवळ न्यायालयाच्या लिपिकाकडून समन्स घेऊन ग्राहकाचे नाव मागता येत असे. सप्टेंबर २००३ मध्ये ध्वनिमुद्रण उद्योगाने २६१ व्यक्तींवर दावे दाखल केले. एका इंटरनेट कंपनीने मात्र अशी नावे देण्यास विरोध केला होता. त्या प्रकरणात डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, ही तरतूद ज्यांच्या सर्व्हरवर फाइल साठवलेली असते त्यांना लागू होते. ज्यांच्या तारांमधून ती केवळ वाहून जाते त्यांना नाही. यामुळे नावे सुरक्षित झाली असे नव्हे. हक्कधारकांनी 'अज्ञात प्रतिवादी' म्हणून दावे लावून न्यायालयाकडूनच नावे मिळवण्यास सुरुवात केली. तरीही नाव उघड होण्यापूर्वी न्यायाधीशाची नजर पडली पाहिजे, हा टप्पा त्या निकालाने परत आणला, आणि त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. अनेक रहिवासी आणि पाहुणे वापरत असलेल्या एका निवासी देखभाल केंद्राच्या जोडणीबाबत, जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढ्यावरून उल्लंघन करणारा कोण हे ठरत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले.

युरोपचा प्रवास उलट्या दिशेने झाला. २०१४ मध्ये लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने दूरसंचार नोंदी सरसकट साठवून ठेवण्याचा युरोपीय निर्देश रद्द केला, आणि २०१६ मध्ये, ओळख पटवण्याचे कायदेशीर साधन उपलब्ध असेल तर बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरतो, असे मान्य केले. पण एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने फ्रान्समधील कॉपीराइट व्यवस्थेच्या प्रकरणात, नोंदी काटेकोरपणे वेगवेगळ्या ठेवल्या जात असतील तर किरकोळ गुन्ह्यांसाठीही आयपी पत्त्यामागचे नाव मिळवता येईल, असे ठरवले. व्यक्तीच्या खाजगी आयुष्याचे चित्र उभे राहण्याचा धोका असेल तेथे पूर्वतपासणीची अट त्याने राखली असली, तरी गंभीर गुन्ह्यांपुरता असलेला उंबरठा या निकालाने खाली आणला.

तंत्राची बाजूही पुढे सरकत होती. वाहतूक थराथराच्या एन्क्रिप्शनने अनेक संगणकांमधून फिरवणारे टोरचे जाळे २००२ मध्ये सार्वजनिक झाले, पण २०१० मध्ये त्याच्या निर्मात्यांनाच त्यावरून टोरेंट न चालवण्याचा इशारा द्यावा लागला. काही टोरेंट प्रोग्राम ट्रॅकरला (सहभागींचे पत्ते जुळवून देणाऱ्या सर्व्हरला) पाठवलेल्या संदेशातच खरा पत्ता लिहीत, तर टोर वाहून नेत नसलेली यूडीपी प्रकारची (डेटा पाठवण्याची एक वेगळी पद्धत) वाहतूक त्याला वगळून थेट जाऊ शके. व्हीपीएन, म्हणजे आपली वाहतूक स्वतःच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, इतर सहभागींपासून पत्ता झाकते, परंतु तो जाणण्याची ताकद इंटरनेट कंपनीकडून व्हीपीएन कंपनीकडे सरकते एवढेच. २०१४ मधील ओनियनशेअर या प्रोग्रामने मध्यस्थाची साठवण टाळली. त्यात पाठवणाऱ्याचा संगणकच तात्पुरती ओनियन सेवा (फक्त टोरमधून पोहोचता येणारी सेवा) बनतो, मात्र तिचा दुवा समोरच्यापर्यंत सुरक्षितपणे पोहोचवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर राहते.

वाट कितीही झाकली तरी फाइल स्वतः बोलते, हे मात्र उशिरा ध्यानात आले. वर्ड ९७ मधील दस्तऐवजांत नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून बनलेला ओळखक्रमांक शिरत असल्याचे १९९९ मध्ये उघडकीस आले. २०१२ मध्ये एका फरारी उद्योजकाचा ठावठिकाणा एका नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रातील जीपीएस नोंदीमुळे जगजाहीर झाला. काही मेसेजिंग ॲप आता छायाचित्र पाठवताना या नोंदी काढून टाकतात. तेच छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले, तर त्या बहुधा जशाच्या तशा जातात.