रिटर्न तुमचं, लॉगिनपण तुमचंच – आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

इचलकरंजीत इन्कमटॅक्स-जीएसटीची रिटर्न भरून देणारं आमचं छोटंसं ऑफिस आहे. आमच्याकडे येणारी मंडळी म्हणजे यंत्रमागवाले, जॉबवर्क करणारे, सुताचे लहान व्यापारी, किराणा आणि मेडिकलवाले, शिक्षक, पेन्शनर, सायझिंगमध्ये नोकरी करणारी पोरं. "साहेब, इन्कमटॅक्सचा मेसेज आलाय, काय करू?" असा फोन आता दर आठवड्याला येतो, आणि काही फोन पैसे गेल्यानंतर येतात, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण आधी दोन मिनिटं विचारलं असतं तर वाचलं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. घरच्यांनापण वाचायला द्या, आई-वडिलांना तर नक्कीच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे इथे कलमं लिहीत बसलो नाही, साध्या भाषेत सांगतोय.

आधी लॉगिनचं बघा

इन्कमटॅक्स पोर्टलवर तुमच्या पॅनला कुठला मोबाईल आणि कुठला ईमेल जोडलाय हे तुम्हाला माहितीये का? आमच्याकडे नवीन माणूस आला की आम्ही पहिलं हेच उघडून बघतो, आणि बऱ्याच वेळा तिथे जुन्या एजंटचा नंबर आणि एजंटचाच ईमेल निघतो. म्हणजे नोटीस आली तर त्याला कळणार, ओटीपी त्याला जाणार, आणि तुम्हाला काही पत्ताच नाही. एका शिक्षकांच्या बाबतीत तर दोन वर्षं नोटिसा येत होत्या, त्या एजंटच्या मेलवर पडून राहिल्या, उत्तर गेलं नाही म्हणून टॅक्सची मागणी निघाली, आणि सरांना कळलं कधी तर यंदाचा रिफंड त्या मागणीत वळता झाला तेव्हा.

रिटर्न कुणीही भरून दिलं तरी कायद्याने ते तुमचंच असतं, त्यातल्या प्रत्येक आकड्याला तुम्ही जबाबदार, "एजंटने भरलं, मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. त्यामुळे मोबाईल तुमचा, ईमेल तुमचा, पासवर्ड तुमच्याकडे. हे आमच्या ऑफिसलापण लागू आहे. आम्ही फाईल करण्याआधी कच्चं रिटर्न तुम्हाला दाखवतो, ते नीट बघा, न कळलेलं विचारा, आम्हाला राग येत नाही. फाईल झाल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करावं लागतं, म्हणजे हे रिटर्न माझंच आहे असं ऑनलाईन मान्य करायचं, त्याचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो, तो आमच्यासमोर बसून टाका किंवा घरून स्वतः टाका. व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवू नका, आम्हालासुद्धा नाही.

जास्त रिफंड काढून देणारे

हा विषय आमच्या मनाला फार लागतो कारण यात आपलीच साधी माणसं अडकतात. कंपनीत एकजण येतो, सांगतो "तुमचा कापलेला सगळा टीडीएस परत आणून देतो, मला फक्त रिफंडातले इतके टक्के द्या," मग सगळं डिपार्टमेंट त्याच्याकडे जातं. तो करतो काय तर न दिलेलं घरभाडं दाखवतो, न दिलेली देणगी दाखवतो, राजकीय पक्षाला दान दिलं म्हणून टाकतो, नसलेलं आजारपण टाकतो. रिफंड खात्यात येतो, माणूस खूष. पण रिफंड आला म्हणजे रिटर्न बरोबर होतं असं नाही, तपासणी नंतरही होते. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने अशाच खोट्या वजावटीसाठी देशभर १५० ठिकाणी एकाच वेळी कारवाई केली, त्यात असे रिटर्न भरून देणारेच रडारवर होते, आणि मग त्यांच्याकडून रिटर्न भरलेल्यांना नोटिसा.

हिशोब करून बघा. समजा खोटं दाखवून ४०,००० टॅक्स वाचवला. पकडलं की ते ४०,००० परत भरायचे, वर व्याज, आणि माहिती जाणूनबुजून चुकीची दिली असं ठरलं तर दंड टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे आणखी ८०,०००. एजंटने घेतलेले टक्के काही परत येत नाहीत, त्याचा फोनच लागत नाही.

असं काही मागच्या वर्षांत झालं असेल तर लपवू नका, येऊन सांगा, आम्ही कुणाला बोलणार नाही. असेसमेंट इयर (म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचं, रिटर्न भरायचं वर्ष) संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत अपडेटेड रिटर्न भरून चूक सुधारता येते. त्यात जादा टॅक्स लागतो, पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, मग ६० आणि ७०, म्हणजे जितकं लवकर तितकं स्वस्त. फक्त तपासणी सुरू झाली की बहुतेक वेळा हा रस्ता बंद होतो.

आमची फी कामावर ठरलेली आहे, रिफंडच्या टक्क्यावर आम्ही काम करत नाही आणि करणार नाही.

एक गैरसमजपण इथेच सांगतो. नव्या करपद्धतीत (न्यू रेजीम) १२ लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही, पगारदाराला ७५,००० ची स्टँडर्ड वजावट धरून १२ लाख ७५ हजार, हे खरंय, पण टॅक्स नाही म्हणजे रिटर्नच नाही असं नव्हे. नव्या पद्धतीत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरायचंच. आणि शेअर विकून झालेल्या नफ्यावर ही सवलत मिळत नाही, मोबाईलवरून शेअर घेणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवा. पगारदारांची तारीख ३१ जुलै, उशीर झाला तर ५,००० लेट फी, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

मेसेज आला, फोन आला, नोटीस आली

"तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, खाते नंबर चुकीचा असेल तर खालच्या लिंकवर दुरुस्त करा" अगदी असा मेसेज देशभर फिरला होता, सरकारने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, तरी आकडा बदलून येतच असतो. खरा रिफंड फक्त तुम्ही पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेल्या खात्यात येतो, त्याला लिंक नाही, फॉर्म नाही, ओटीपी नाही. आयकर विभाग एटीएमचा पिन, ओटीपी, कार्ड नंबर कधीच विचारत नाही. आणि टॅक्स भरायचा असेल तर तो पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून चलन काढून भरतात. कुठल्याही माणसाच्या नावाच्या यूपीआयवर सरकारचा टॅक्स जात नाही, मग समोरचा स्वतःला कितीही मोठा अधिकारी म्हणवत असू दे.

नोटीस खरी की खोटी हे ओळखायला चांगली सोय आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या पत्रांवर डीआयएन म्हणजे एक ओळख नंबर असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, तो टाकून पत्र खरं आहे का ते बघता येतं. शिवाय खरी नोटीस तुमच्या लॉगिनमध्ये दिसतेच. नसेल जमत तर नोटिसीचा फोटो आमच्याकडे पाठवा, तेवढं तपासायचे आम्ही पैसे घेत नाही. आणि रिटर्न भरल्यावर येणारं इंटिमेशन म्हणजे नोटीस नव्हे, बऱ्याचदा त्यात फक्त तुमचा आणि त्यांचा हिशोब जुळला एवढंच लिहिलेलं असतं, ते बघून झोप उडवून घेऊ नका.

व्हिडिओ कॉल करून पोलीस, सीबीआय, ईडी म्हणून घाबरवतात, "तुमच्या पॅनवर काळा पैसा सापडलाय, घरातून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही". डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काहीच नाही. फोन कट करा आणि पहिलं घरातल्या माणसाला सांगा, त्यांचा सगळा डाव तुम्ही एकटे पडण्यावर असतो. पेन्शनर काका-काकूंना आम्ही मुद्दाम ऑफिसात बसवून हे समजावतो.

आणि व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाईल, मग ती चलनाची असो, लग्नपत्रिका असो की "पॅन अपडेट" असो, उघडायची नाही. ती फाईल नसते, अॅप असतं, आणि ते तुमचे ओटीपी वाचतं.

धंदेवाल्यांसाठी

सूत घेताना दोन पैसे स्वस्त मिळतंय म्हणून अनोळखी पार्टीचं बिल घेऊ नका. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि पुढची १० अक्षरं म्हणजे त्या पार्टीचा पॅन. जीएसटी पोर्टलवर सर्च टॅक्सपेयरमध्ये नंबर टाकला की नाव, चालू आहे की रद्द, रिटर्न भरतोय की नाही, सगळं दिसतं, एक मिनिटाचं काम आहे. पुढच्याने रिटर्न भरलं नाही तर ते बिल तुमच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या तक्त्यात, येत नाही आणि खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं तुमचं क्रेडिट अडकतं. ५ लाखांच्या सुतावर ५ टक्क्यांनी २५,००० होतात, चार माग चालवणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. पार्टीच बोगस निघाली तर माल खरोखर आला होता हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते, म्हणून वजनकाट्याची चिठ्ठी, ट्रान्सपोर्टची पावती, बँकेतून केलेलं पेमेंट, सगळं एका फाईलला लावून ठेवा.

दुकानात कुणी "जीएसटी ऑफिसर" म्हणून झडतीला आलं तर ओळखपत्र बघा आणि आयएनएस-०१ हा परवानगीचा फॉर्म मागा. मागणं हा तुमचा हक्क आहे. नम्रपणे बोला, आम्हाला फोन लावा, पण रोख देऊन मिटवायला जाऊ नका.

खातं होल्ड होण्याची भीती आता सगळ्यांना आहे आणि ती खरी आहे. कुणाचे तरी फसवून काढलेले पैसे फिरत फिरत तुमच्या यूपीआयवर आले, तुम्ही त्याचं कापड दिलं, चूक काहीच नाही, तरी तक्रारीनंतर बँक ती रक्कम अडकवते आणि कधीकधी पूर्ण खातंच. गिऱ्हाईक एक आणि पैसे तिसऱ्याच्याच नावावरून आले तर आधी विचारा. बिल प्रत्येक वेळी करा. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. आणि नात्यातला असला तरी कुणाला आपलं खातं "फक्त दोन दिवस" वापरायला देऊ नका, त्यात पोरं गुन्हेगार ठरतात.

आधार-पॅनची झेरॉक्स देताना त्यावर कशासाठी आणि तारीख लिहा. तुमच्या पॅनवर कुणी जीएसटी नंबर काढलाय का हे जीएसटी पोर्टलवर पॅनने शोधून कळतं, आणि कुणी कर्ज उचललंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये (तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद), जो प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. आम्ही रिटर्नच्या वेळी एआयएस (आयकर विभागाकडे असलेली तुमच्या व्यवहारांची यादी) उघडतो तेव्हा न ओळखीचा व्यवहार दिसला तर तिथेच आक्षेप नोंदवतो.

पैसे गेलेच तर

लाजत बसू नका, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा. रात्र असली तरी. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तर ते थांबवता येतात, म्हणून इथे तासाला किंमत आहे. ट्रान्झॅक्शन नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा, मग बँकेला कळवा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. तुमची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, म्हणून तरीही लगेच कळवा.

येताना काय आणायचं

पॅन, आधार, फॉर्म १६ असेल तर तो, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट (बंद पडलेलं वाटणारं खातंपण), एफडीच्या व्याजाची सर्टिफिकेट, धंदा असेल तर खरेदी-विक्रीची बिलं, आणि पोर्टलला जोडलेला मोबाईल चार्ज करून. आधीच्या एजंटकडून पासवर्ड मिळत नसेल तरी या, आधारच्या ओटीपीने तो बदलता येतो, पहिल्या भेटीत आम्ही तेच करतो.