यकृतात साचणारं लोह: दोष दारूचा की वारशाचा?

यकृतात, स्वादुपिंडात लोह साचून ते तपकिरी पडतात, या आजाराला १८८९ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी ‘हिमोक्रोमॅटोसिस’ हे नाव दिलं. रंग रक्तातूनच आला असणार, असा त्यांचा कयास होता. १९३५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर शेल्डन यांनी तोवरचे तीनशेहून अधिक रुग्ण पडताळून हा उपजत दोष असल्याचं मांडलं. पण रुग्णांत दारू पिणारे इतके निघत, की बोस्टनच्या मॅकडोनाल्ड यांनी सगळा दोष वाइन आणि आहारावर टाकला. दक्षिण आफ्रिकेत लोखंडी पिंपांत आंबवलेल्या बिअरमुळे यकृतात लोह साचतं हे दिसलंच होतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

वारशाची बाजू भक्कम केली ती फ्रान्समधल्या रेन शहरातल्या मार्सेल सिमों यांनी. १९७० च्या दशकात त्यांनी या आजाराचा संबंध सहाव्या गुणसूत्राशी जोडला. जनुक हाती लागायला मात्र १९९६ उजाडलं: एचएफई. १७८ रुग्णांपैकी १४८ जणांत त्यातलं सी२८२वाय हे उत्परिवर्तन आई आणि वडील, दोघांकडून आलेलं होतं.

वाद संपला असं वाटलं, पण या उत्परिवर्तनाच्या दोन्ही प्रती (आईकडची आणि वडिलांकडची) असलेले बरेच जण ठणठणीत निघाले. २००२ च्या एका अभ्यासात अशा लोकांपैकी रोज ६० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांना सिरोसिसचा (यकृत व्रणांनी कडक होण्याचा) धोका सुमारे नऊपट आढळला. याचं कोडं हेप्सिडिनने उलगडलं. यकृतात बनणारं हे संप्रेरक आतड्यातून लोह रक्तात जाण्याची वाट आवळतं. एचएफई बिघडलं की ते कमी बनतं, आणि दारूही तेच करते. म्हणजे दोन्ही पक्ष एकाच दारावर धडका देत होते.

फॅटी लिव्हरची, म्हणजे यकृतात चरबी साचण्याची, गोष्ट वेगळी. १९९७ मध्ये रेनच्याच डॉक्टरांनी वजन, साखर वाढलेल्यांत फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) जास्त, पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय, हे प्रमाण) जवळपास ठीक, असं चित्र नोंदवलं. इथे लोह थोडंच जास्त असतं. फेरिटिन बऱ्याचदा सुजेमुळे चढतं. चरबीकडे यकृताचा कल ठरवणारं मोठं जनुक पीएनपीएलए३ निघालं, तेही २००८ मध्ये, आणि त्याचा लोहाशी थेट संबंध नाही.

उपचारात हा फरक कळीचा ठरतो. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये आठवड्याला साधारण ५०० मिली रक्त काढतात. त्यातून जेमतेम २५० मिलिग्रॅम लोह जातं, म्हणून २० ग्रॅम साठा उपसायला ऐंशी वेळा रक्त काढावं लागतं. नुसत्या फॅटी लिव्हरवर हाच उपाय २०१५ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत उपयोगी पडला नाही.

सी२८२वाय हे उत्तर युरोपीय वंशात जास्त, भारतीयांत दुर्मीळच. आपल्याकडे रिपोर्टमध्ये फेरिटिन ६०० दिसलं की लगेच जनुक चाचणी करायला धावू नये. आधी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहावं. ते ४५ टक्क्यांखाली असेल, तर दारू, पोटाचा घेर आणि साखर यांचा हिशेब आधी मांडावा. ते सतत वर राहिलं, तर थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार आणि वारंवार रक्त चढवल्याचा इतिहास विचारावा.