ऑफलाइन सॉफ्टवेअरमधील गंभीर सुरक्षादोष : पार्श्वभूमी

मराठवाड्यातील करसल्लागारांची कार्यालये, डीटीपी केंद्रे आणि छापखाने यांचे बरेचसे काम आजही संगणकावर उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर चालते. जीएसटी विवरणपत्राची माहिती ऑफलाइन टूलमध्ये भरून तिची जेसन फाइल तयार केली जाते आणि मग ती पोर्टलवर चढवली जाते. टीडीएसचे विवरणपत्र जावावर चालणाऱ्या युटिलिटीत तपासले जाते, तर लग्नपत्रिकेचे डिझाइन आणि त्याचे फॉन्ट एका रार फाइलमध्ये बांधून पेनड्राइव्हने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून छापखान्यात पोहोचतात. अशा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर सुरक्षादोष सापडल्याची बातमी आली, की जालना असो वा लातूर, पहिला प्रश्न ठरलेला असतो : आमचे काम तर नेटशिवाय चालते, मग धोका कसला? प्रश्न रास्त आहे, आणि दोषाचे गांभीर्य मोजण्याच्या जागतिक पद्धतीतही तो पायाशीच आहे.

सुरक्षादोषांना सामाईक क्रमांक देणारी सीव्हीई यादी १९९९ मध्ये सुरू झाली आणि त्यांना ० ते १० असे गुण देणारी सीव्हीएसएस ही पद्धत २००५ मध्ये आली. ९ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेला दोष ‘क्रिटिकल’ मानला जातो. हल्लेखोर नेटवर्कवरून थेट पोहोचू शकतो, की वापरकर्त्याने स्वतः फाइल उघडावी लागते, यावर गुण बदलतात. संगणकाचा पूर्ण ताबा देणारा दोष कोणाच्याही कृतीशिवाय नेटवर्कवरून वापरता येत असेल, तर त्याला ९.८ गुण मिळतात. तेवढेच नुकसान करणारा, पण फाइल उघडल्यावरच चालणारा दोष सहसा ७.८ वर थांबतो. म्हणजे ऑफलाइन सॉफ्टवेअरमधील दोष कागदावर एक पायरी खालीच दिसतो. ज्या कार्यालयात दिवसभर पक्षकारांच्या फाइली उघडणे हेच काम आहे, तिथे या फरकाला फारसा अर्थ उरत नाही, असे माझे मत आहे.

नेट नसलेले यंत्र सुरक्षित असते, ही समजूत २०१० मध्येच मोडली. इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्राला लक्ष्य करणारा स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हवरून पसरत होता आणि विंडोजमध्ये शॉर्टकट फाइलचे नुसते चिन्ह दिसले, तरी तो चालू होत असे. लागण झालेल्या देशांत भारतही वरच्या क्रमांकांवर होता. मायक्रोसॉफ्टने तो दोष ऑगस्ट २०१० मध्ये दुरुस्त केला आणि पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची जुनी सोय फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने बंद केली.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र विनरारचे, म्हणजे रार फाइली बांधणाऱ्या आणि सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचे आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की ‘एस’ या जवळपास विस्मृतीत गेलेल्या प्रकारच्या फाइली उघडण्यासाठी विनरारमध्ये ठेवलेल्या यूएनएसीईव्ही२ नावाच्या डीएलएलमध्ये (मुख्य प्रोग्रामला जोडून वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या फाइलमध्ये) तब्बल १९ वर्षे जुना दोष आहे. फाइल सोडवताना ती कोणत्या फोल्डरमध्ये जावी हे वापरकर्ता ठरवतो. या दोषामुळे ते फाइल बनवणारा ठरवू शकत असे. तो आपला प्रोग्राम थेट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकत असे आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताच तो चालत असे. यासाठी नेटची गरज नव्हती, अ‍ॅडमिनच्या परवानगीचीही नव्हती. शिवाय विनरार फाइलचा प्रकार तिच्या मजकुरावरून ओळखत असल्याने फाइलच्या नावापुढे ‘रार’ असले तरी फसगत होत असे.

दुरुस्तीचा मार्गही पाहण्यासारखा आहे. ती डीएलएल बाहेरच्या कंपनीची होती आणि तिचा मूळ सोर्स कोड विनरारच्या निर्मात्यांकडे नव्हता. तेव्हा त्यांनी ५.७० या आवृत्तीतून एस फाइलींची सोयच काढून टाकली. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण क्वचितच कोणी वापरत असलेल्या सोयीसाठी सर्वांना धोक्यात ठेवण्याचे कारण नव्हते. ज्यांना नवी आवृत्ती टाकता येत नव्हती, त्यांना ती डीएलएल हाताने पुसण्याचा पर्याय होता.

अडचण पुढे होती. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. दुकानातील संगणकावर विंडोज नव्याने टाकताना जुन्या संग्रहातलीच विनरार टाकण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे, त्यामुळे दुरुस्त झालेला दोष पुन्हा आत येतो. ऑफलाइन यंत्रासाठी नवी प्रत मूळ संकेतस्थळावरून दुसऱ्या संगणकावर उतरवून, तिची डिजिटल स्वाक्षरी तपासून आणावी लागते. नवी आवृत्ती टाकल्याने आधीच शिरलेला प्रोग्राम जात नाही, म्हणून स्टार्टअप फोल्डरही उघडून पाहावा लागतो.

डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजेच्या दोषाने मूल्यमापनाचा वेगळाच पेच उभा केला. जावा प्रोग्राममध्ये नोंदी ठेवणाऱ्या या घटकातील दोषाला पूर्ण १० गुण मिळाले. तो वापरण्यासाठी प्रोग्रामने बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधणे आवश्यक होते, म्हणून कायम नेटविना असलेल्या यंत्रावर बाहेरून घातक कोड उतरवला जाण्याची वाट बंद होती. परंतु विवरणपत्र तयार करून त्याच लॅपटॉपवरून ते पोर्टलवर चढवले जात असेल, तर तसे म्हणता येत नाही. हा घटक अनेकदा दुसऱ्या जार फाइलच्या (जावा प्रोग्रामच्या गठ्ठ्याच्या) पोटात दडलेला असल्याने नुसत्या नावाने शोधून सापडत नसे. पहिली दुरुस्ती, म्हणजे २.१५.० ही आवृत्ती, अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात २.१६.० व २.१७.० काढाव्या लागल्या.

विनरारकडे पुन्हा वळावे लागते. २०२३ मध्ये त्यात आणखी एक दोष सापडला, ज्यात रार किंवा झिपमधील चित्रासारख्या दिसणाऱ्या फाइलवर क्लिक करताच स्क्रिप्ट चालत असे. तो एप्रिलपासून वापरला जात होता आणि ऑगस्टमधील ६.२३ आवृत्तीत दुरुस्त झाला. जुलै २०२५ मध्ये ७.१३ आवृत्ती आली ती पुन्हा एकदा फाइल भलत्याच फोल्डरमध्ये पडू देणाऱ्या दोषासाठी, आणि हल्लेखोरांचे ठिकाण याही वेळी स्टार्टअप फोल्डरच होते. दरम्यान विंडोज ११ मध्ये २०२३ पासून रार फाइल उघडण्याची सोय आली. तिच्यासाठी वापरलेल्या लिबआर्काइव्ह या घटकातील एक दोष एप्रिल २०२४ च्या अपडेटने दुरुस्त झाला. तो अपडेट आपोआप येतो, पण यंत्र अधूनमधून नेटला जोडले जात असेल तरच.