स्टार्टअप पासवर्डने अडकलेला जुना कॉम्प्युटर

स्टार्टअप पासवर्ड म्हणजे मशीन चालू केल्या केल्या, विंडोज किंवा लिनक्स यायच्याही आधी काळ्या स्क्रीनवर जो पासवर्ड मागितला जातो तो. याला बायोस पासवर्ड, पॉवर ऑन पासवर्ड असंही म्हणतात (बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम). जुना पीसी माळ्यावरून काढला, धूळ झटकली, बटण दाबलं आणि समोर नुसती पासवर्डची चौकट, अशी वेळ बऱ्याच जणांवर येते. आणि ज्याने तो टाकला त्याला तो आठवत नसतोच.

इथे पहिला प्रश्न पासवर्ड काय होता हा नाहीच, तो नक्की कुठे साठवलाय हा आहे. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

१९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती, तिच्यात ६४ बाइट मेमरी, त्यातले १४ घड्याळाला आणि उरलेले ५० सेटिंगसाठी. हिलाच सीमॉस मेमरी म्हणतात. (त्या एटीला पुढच्या बाजूला खरंखुरं कुलूपही होतं, किल्लीवालं, ते बंद केलं की कीबोर्ड चालायचा नाही.) नंतरच्या मशीनमध्ये पासवर्डही याच मेमरीत ठेवायला लागले, आणि ही मेमरी जिवंत राहते ती मदरबोर्डवरच्या (मशीनच्या मुख्य बोर्डवरच्या) छोट्या बॅटरीवर, म्हणजे बॅटरी काढली की मेमरी पुसली आणि पासवर्ड गेला. बहुतेक डेस्कटॉपची गोष्ट इथेच संपते. पॉवरची वायर पूर्ण काढायची, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट घालवायचा, मग ३ व्होल्टची सीआर२०३२ नाण्यासारखी बॅटरी काढून ठेवायची. पाच मिनिटांत नाही झालं तर तासभर ठेवा, काही बोर्डांचे कपॅसिटर, म्हणजे करंट साठवून ठेवणारे भाग, चिवट असतात. त्यापेक्षा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, बरा, बॅटरीच्या आसपास तीन पिना असतात, बाजूला क्लिअर सीमॉस, सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ असं काहीतरी बारीक छापलेलं असतं, त्याची टोपी दुसऱ्या बाजूला लावून दहा सेकंद थांबायचं आणि परत जागेवर. वायर लावलेली असताना हे करू नका, बोर्ड जाऊ शकतो.

खूप जुन्या बोर्डांवर नाण्याऐवजी पिंपासारखी निकेल कॅडमियम बॅटरी असते, ३.६ व्होल्टची, थेट सोल्डर केलेली, आणि ती गळते. पासवर्ड राहू दे बाजूला, आधी तिने आजूबाजूचं तांबं खाल्लंय का ते बघा. काही बोर्डांवर डॅलस कंपनीची डीएस१२८७ ही घड्याळाची चिप असते, तिच्यात बॅटरी आतच बंद. पण ती बॅटरी साधारण दहा वर्षांसाठीच बनवलेली, त्यामुळे कित्येकदा पासवर्ड आपोआपच पुसला गेलेला असतो. फक्त त्याच्याबरोबर हार्ड डिस्कची रचना सांगणारे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडेही जातात, आणि ३८६-४८६ प्रोसेसरच्या काळातल्या मशीनला ते हाताने भरावे लागतात. डिस्कच्या लेबलवर बहुतेक वेळा लिहिलेले असतात.

मशीन चालू होतंय, फक्त सेटअपमध्ये, म्हणजे बायोसच्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, शिरताना पासवर्ड मागतंय, असं असेल तर उघडायचीही गरज नाही. डॉसमध्ये डीबग नावाचा प्रोग्राम चालवून ७० नंबरच्या पोर्टवर सीमॉसचा पत्ता आणि ७१ वर काहीतरी भलतीच किंमत पाठवली की चेकसम (मेमरी बरोबर आहे का ते तपासायची बेरीज) बिघडतो आणि पुढच्या वेळी बायोस स्वतःच डिफॉल्टवर येतं. शिवाय अवॉर्ड, एएमआय, फिनिक्स या बायोस बनवणाऱ्या कंपन्यांचे मास्टर पासवर्डही होते, म्हणजे कुठल्याही मशीनला लागणारे, अवॉर्डचा जे२६२ तर फारच गाजलेला. अवॉर्डच्या जुन्या बायोसची आणखी एक गंमत म्हणजे ते पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नव्हतं, त्याचा फक्त १६ बिटचा आकडा ठेवायचं, म्हणजे एकूण शक्यता ६५,५३६. त्यामुळे वेगवेगळे असंख्य पासवर्ड त्याच कुलपाला लागायचे. कुलूप म्हणून हे किती पोकळ होतं ते यावरून कळतं.

लॅपटॉप मात्र हट्टी. तिथे पासवर्ड बऱ्याचदा ईईप्रॉम नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, तिला बॅटरी लागतच नाही, त्यामुळे बॅटरी काढून बसलात तरी फरक शून्य. थिंकपॅड लॅपटॉपचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे सेटिंग बदलायचा मुख्य पासवर्ड, विसरलात तर कंपनीचं उत्तर मदरबोर्ड बदला एवढंच. काही लॅपटॉप तीनदा चुकल्यावर सिस्टम डिसेबल्ड म्हणून एक आकडा दाखवतात, त्यावरून काही मॉडेलचा पासवर्ड काढता येतो, सगळ्यांचा नाही. बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नव्या मशीनमध्येही तो फ्लॅश चिपमध्ये असतो. अशा वेळी खरेदीची पावती घेऊन कंपनीकडे जाणं हाच सरळ रस्ता, आणि पावती नसेल तर ते मशीन मुळात कोणाचं हा प्रश्न येणारच.

काही लोक याच्यात विंडोजचा सिसकी पासवर्डही मिसळतात, सिसकी हे विंडोजमधलंच एक जुनं साधन. तो बायोसचा नाही, विंडोज सुरू होताना खिडकीत येतो, बॅटरी काढून जाणार नाही. २०१७ च्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला, कारण फोनवर सपोर्टवाले म्हणवणारे भामटे लोकांची मशीन त्यानेच लॉक करून पैसे मागायचे.

आणि नुसते फोटो-फाइलीच हव्या असतील तर ही सगळी उठाठेव कशाला? बायोस पासवर्ड डिस्कवरचा डेटा एनक्रिप्ट करत नाही, म्हणजे सांकेतिक करून ठेवत नाही. डिस्क काढा, यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला लावा, कॉपी करा. अपवाद दोनच: डिस्कचा स्वतःचा एटीए पासवर्ड, जो डिस्कबरोबरच फिरतो, आणि विंडोजच्या बिटलॉकरसारखं एनक्रिप्शन, तिथे ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती नसेल तर डिस्क कुठेही लावा, काही मिळत नाही.